तुम्ही विचारलंत म्हणून: रॉकेट घरावर पडलं तर?

"आता खासगी कंपन्याही रॉकेट सोडायला लागल्या. एखादं आमच्या घरावर पडलं तर भरपाई कोण देणार?" विम्याच्या कामात आयुष्य गेलं म्हणून मला हे लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात. विचारणारे बहुतेक विदर्भातले असतात, आणि त्याला कारण आहे.

2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. नागपुरात आमच्या गच्चीवर नुकतीच उतरवलेली गुढी भिंतीला टेकवून ठेवली होती, नातीच्या हातात साखरेची गाठी. पावणेआठच्या सुमारास आकाशातून पेटत्या ठिपक्यांची रांग सरकत गेली. गाठी तशीच हातात धरून ती म्हणाली, "आजोबा, विमान जळतंय का?" त्याच संध्याकाळी चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. आसपास धातूचे गोळेही सापडले. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असं अभ्यासकांनी सांगितलं. नशिबानं कुणाला इजा झाली नाही.

दुसऱ्या देशाचं रॉकेट आपल्यावर पडलं, तर वाट निदान आखलेली आहे. 1972 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवर झालेल्या नुकसानीला रॉकेट सोडणारा देश जबाबदार. रॉकेट खासगी कंपनीचं असलं तरी दावा त्या देशावरच लागतो, आणि चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. सोव्हिएत संघाचा कॉसमॉस 954 हा अणुभट्टी असलेला उपग्रह 1978 मध्ये कॅनडात कोसळला, तेव्हा कॅनडानं 1981 साली 30 लाख कॅनेडियन डॉलर वसूल केले.

पण घरही आपलं आणि रॉकेटही आपलंच असेल तर? तिथे हा करार लागूच होत नाही. आपल्याच नागरिकांचं नुकसान त्यातून वगळलेलं आहे. मग उरतो देशाचा कायदा. अंतराळ व्यवहारांसाठीच्या कायद्याचा मसुदा 2017 मध्ये लोकांपुढे ठेवला गेला, पण तो संसदेपर्यंत गेला नाही. केंद्र सरकारची इन-स्पेस ही संस्था रॉकेट सोडणाऱ्या कंपन्यांना परवानगी देते, अटी घालते. पण परवान्याची अट आणि पीडिताचा हक्क यांत फरक आहे. धोकादायक उद्योगानं नुकसान भरून द्यायलाच हवं, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 1986 मध्ये सांगितलं, त्याचा आधार घेता येईल. मात्र त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागेल, आणि ती चढणाऱ्यांचे हाल मी जवळून पाहिलेत.

आपल्याकडच्या खासगी कंपन्यांपैकी स्कायरूटचं विक्रम-एस हे रॉकेट 18 नोव्हेंबर 2022 ला उडालं, अग्निकुलचं अग्निबाण 30 मे 2024 ला. दोन्ही वेळा मी टीव्हीसमोर हात जोडून बसलो होतो. या पोरांचा मला अभिमान आहे. श्रीहरिकोट्याहून रॉकेट समुद्राच्या दिशेनं जातं, त्यामुळे धोका खूप कमी होतो, हेही खरं. पण इंजिनाच्या चाचण्या जमिनीवरच होतात. 30 जून 2024 ला चीनमधल्या गोंगयी इथे एका खासगी कंपनीचं तियानलोंग-3 हे रॉकेट जमिनीवरच्या चाचणीत बांधणी तुटून वर उडालं आणि जवळच्या डोंगरात कोसळलं. ते उडवायचं नव्हतंच!

अमेरिकेत परवाना देताना अपघातात तिऱ्हाइताचं जास्तीत जास्त किती नुकसान होऊ शकेल याचा हिशेब मांडतात आणि कंपनीला तेवढा विमा काढायला लावतात. त्याची कमाल मर्यादा 50 कोटी डॉलर. त्यावरचा भार ठरावीक मर्यादेपर्यंत सरकार उचलू शकतं. यात करदात्याच्या खिशाला हात लागतो, हे मला पटत नाही. पण कुणी किती द्यायचं हे अपघाताआधी ठरलेलं असतं. आपल्याकडे स्कूटरलासुद्धा थर्ड पार्टी विमा कायद्यानं सक्तीचा आहे. रॉकेटलाही तो कायद्यानंच हवा, आणि दावेदाराला थेट मागता येईल असा हवा.

तोवर, शेतात असं काही पडलंच तर हात लावू नका, इंधनाचा विषारी अंश असू शकतो. गुरंढोरं आणि पोरं लांब ठेवा, पोलीस पाटलांना कळवा, लांबूनच फोटो काढा. तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, आणि त्याची प्रत मागून घेतल्याशिवाय सही करू नका.