झुकिनीची नोंद : ऑगस्टचा पहिला पंधरवडा, न्यू जर्सी

परसातली झुकिनी (काकडीसारखी दिसणारी, भोपळ्याच्या कुळातली फळभाजी) आता पूर्ण भरात आहे. काल बोटाएवढी दिसलेली उद्या हातभर होते, त्यामुळे मी रोज सकाळी पानं उचलून पाहते. सहा-सात इंचांची असतानाच तोडावी. तेव्हा साल कोवळी असते आणि बिया नुसत्या नावाला.

या वर्षी माझं सगळं लक्ष पाण्यावर आहे. झुकिनीत जवळजवळ ९५ टक्के पाणीच. बहुतेक पाककृती किस पिळून ते पाणी ओतून द्यायला सांगतात. थालीपिठाला मी तसं करत नाही. किसाला मीठ, हळद, तिखट, ओवा, तीळ आणि बारीक कांदा चोळून पंधरा मिनिटं झाकून ठेवते. मग सुटलेल्या पाण्यात मावेल तेवढीच भाजणी घालते, वरून थेंबभरही पाणी नाही. गोळा मऊ होतो, ओल्या फडक्यावर सुरेख थापला जातो आणि थालीपीठ गार झालं तरी वातड होत नाही. ही पद्धत माझ्यापुरती पक्की झाली.

पीठ पेरलेल्या भाजीचं गणित उलटं. मोठ्या फोडी, मोठी आच, कढईवर झाकण नाही आणि मीठ अगदी शेवटी. मीठ आधी पडलं की पाणी सुटतं आणि बेसनाचं पिठलं होतं. फोडणीत लसूण सढळ हाताने घाला, कारण झुकिनीला स्वतःची चव फार नाही.

फुलांची भजीही सुरू आहेत. मागे इवलंसं फळ नसलेली, बारीक देठाची ती नरफुलं. सकाळी उमललेली तोडायची, मधला केसर काढायचा, आत मुंगी नाही ना ते पाहायचं. परागीकरणासाठी थोडी वेलावर राहू द्या.

पानांआड लपून दांडगी झालेली झुकिनी मी कोहळ्यासारखी वापरते. मधला बियांचा गर काढून टाकायचा, बाकीचा किस घट्ट पिळायचा (ते पाणी आमटीत), भिजवून जाडसर वाटलेली उडदाची डाळ, हिरवी मिरची, जिरं आणि हिंग घालून सांडगे. इथल्या दमट उन्हावर माझा भरवसा नाही, म्हणून डीहायड्रेटर (पदार्थ सुकवायचं यंत्र) १३५ अंश फॅरनहाइटवर लावते. सांडगा कट्कन मोडला पाहिजे. आत दमट राहिला तर बुरशी धरतो. पहिली खेप तळून दहीभातासोबत खाल्ली. अस्सल कोहळ्याचे जास्त कुरकुरीत लागतात, पण हेही करण्याजोगे आहेत.

उरलेला किस दोन मिनिटं वाफवून, गार करून, वाटी-वाटीच्या पिशव्यांत फ्रीजरमध्ये. एक मात्र नक्की पाळा: चिरताना टोकाचा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर अख्खी झुकिनी टाकून द्या, दुधीच्या बाबतीत करतो तसंच. शिजवून तो कडवटपणा जात नाही आणि त्याने पोट चांगलंच बिघडू शकतं.

पुढच्या खेपेला सांडग्यांत थोडी भिजवलेली हरभरा डाळ घालून बघणार आहे. कुणी मूगडाळीचे केले असतील तर डाळीचं प्रमाण कळवा.