आमची वाटचाल : आधी प्रत, मगच हात

सुरुवातीला आमच्या पाटीवर ‘कॉम्प्युटर रिपेअरिंग’ एवढंच होतं. डेटा काढून देणं हे त्यातलं किरकोळ काम. डिस्क दुसऱ्या मशीनला जोडायची, दिसेल ते कॉपी करायचं, टॅलीचा फोल्डर मिळाला की ग्राहक खूश. पुढे पुण्याजवळच्या भोसरीच्या वर्कशॉपांत, सीए मंडळींच्या ऑफिसांत आणि फोटो स्टुडिओंत चार डिस्कांच्या नॅस पेट्या (नेटवर्कवरून सगळ्यांच्या फाइली सांभाळणाऱ्या) येऊ लागल्या, आणि ही पद्धत तिथे निरुपयोगी ठरली. नॅसमधली एकटी डिस्क विंडोजला जोडली तर विंडोज विचारतं, ‘इनिशिअलाइज करू का?’ हो म्हटलं की सुरुवातीच्या सेक्टरांवर (डिस्कवरच्या छोट्या ठोकळ्यांवर) नवं पार्टिशन टेबल बसतं, आणि त्यातला जीपीटी हा प्रकार निवडलं असेल तर त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी. आजही काही पेट्या या एका ‘हो’नंतरच आमच्याकडे येतात.

पहिली डिस्क गेली म्हणून डेटा सहसा जात नाही. ती गेल्यानंतर जी खटपट होते, तिच्यात तो जातो. आमच्या कामाची आजची घडी याच अनुभवातून बसली आहे, म्हणून आधी ती खटपट कशी चुकते ते सांगतो.

नॅसमधल्या डिस्क रेड या पद्धतीने एकत्र बांधलेल्या असतात. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी बर्कलीतून १९८८ साली रेडची कल्पना मांडली, ती अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधण्यासाठी. बॅकअप हा तिचा हेतू कधीच नव्हता. चार डिस्कांच्या रेड-५ मध्ये दर ओळीत तीन तुकडे डेटाचे आणि एक पॅरिटीचा, म्हणजे हरवलेला तुकडा परत काढायच्या हिशेबाचा असतो. समजा डेटाच्या तुकड्यांत ५, ९ आणि ६ आहेत. त्यांचा एक्सॉर (बिटाला बिट ताडून सारखे तर ०, वेगळे तर १) १०, ही पॅरिटी. नऊवाली डिस्क गेली तर ५, ६ आणि १० यांचा एक्सॉर पुन्हा ९ येतो. एवढीच काय ती जादू. दोन आकडे एकदम गेले की उरलेल्या दोघांवरून काही निघत नाही. रेड-६ मध्ये दुसरी पॅरिटी वेगळ्या गणिताची असते, त्यामुळे दोन डिस्क गेल्या तरी निभावतं.

आता पेटी बीप करते, पिवळा दिवा लागतो, त्याच मापाची नवी डिस्क येते आणि रिबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कचा मजकूर नवीवर पुन्हा भरणं, सुरू होतो. एमडी म्हणजे लिनक्समधली रेड चालवणारी यंत्रणा. तिच्या साध्या रिबिल्डमध्ये उरलेल्या तिन्ही डिस्कांचा एकूण एक सेक्टर वाचला जातो, रिकाम्या जागेतलासुद्धा, कारण एमडीला फाइल कळत नाही, ओळ कळते. वर्षानुवर्षं न वाचलेले सेक्टर त्या दिवशी पहिल्यांदा वाचले जातात. शिवाय या डिस्क बहुधा एकाच खोक्यातून, एकाच दिवशी आलेल्या, तेवढ्याच तापलेल्या. घरगुती डिस्कांच्या माहितीपत्रकात दर १० चा १४ वा घात इतक्या बिटांमागे जास्तीत जास्त एक न वाचता येणारा सेक्टर, अशी मर्यादा दिलेली असते. म्हणजे साधारण १२.५ टीबी. ती मर्यादा आहे, मुहूर्त नाही. बऱ्याच डिस्क त्याहून कितीतरी जास्त वाचतात. पण स्मार्टमधला (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यातला) १९७ क्रमांकाचा आकडा, म्हणजे वाचता न येऊन खोळंबलेले सेक्टर, शून्याच्या वर असेल तर रिबिल्ड सुरू करूच नये.

यात वेळेचीही एक गोची आहे. डेस्कटॉपची डिस्क खराब सेक्टरवर मिनिटभर किंवा त्याहून जास्त झटत बसते. लिनक्स ३० सेकंद थांबून तिला रीसेट करतं, आणि ती जागेवर आली नाही तर एमडी तिला डिस्कांच्या संचाबाहेर, म्हणजे अ‍ॅरेबाहेर काढतं. नॅससाठी बनवलेली डिस्क साधारण ७ सेकंदांत हात वर करते. मग एमडी तेवढाच सेक्टर पॅरिटीवरून काढून परत लिहितं आणि काम पुढे चालतं. म्हणून कित्येकदा ‘मेलेली’ म्हणून आणून दिलेली डिस्क आमच्या टेबलावर ९९ टक्क्यांहून जास्त वाचून होते.

भोसरीत गुरुवारची सुट्टी. बुधवारी रात्री मेन स्विच पाडला जातो आणि पेटी लिहीत असतानाच बंद होते. एखाद्या ओळीत डेटा नवा आणि पॅरिटी जुनी राहिली, तर पुढे डिस्क गेल्यावर त्या ओळीचं गणित चुकीचं उत्तर देतं. इन्व्हर्टर यावर पुरेसा नाही. यूपीएसची यूएसबी केबल नॅसला लावली, तरच पेटीला स्वतःहून नीट बंद होता येतं. ती केबल बहुतेक ठिकाणी खोक्यातच पडून असते.

आता कामाचा गाभा. रेड-५ मधल्या दोन डिस्क गेल्या असं ग्राहक सांगतो, तेव्हा आमचा पहिला प्रश्न असतो की आधी कुठली गेली. लिनक्सवर चालणाऱ्या नॅसमध्ये एमडी प्रत्येक डिस्कवर आपली नोंद ठेवतं: अ‍ॅरेची ओळख, डिस्कचं स्थान, तुकड्याचं माप, शेवटच्या बदलाची वेळ आणि इव्हेंट्स हा मोजणीचा आकडा. एमडीअ‍ॅडम या आज्ञेच्या एक्झॅमिन पर्यायाने तो दिसतो. समजा दोन डिस्कांवर ४८२१०, तिसरीवर ४८१९६ आणि चौथीवर ३११०५ आहे. चौथी कधीच बाहेर पडली होती आणि कुणाचं लक्ष नव्हतं. अ‍ॅरे कोसळला तो तिसरीमुळे. चौथी तांत्रिकदृष्ट्या ठणठणीत असेल, केबल हलल्यामुळेच बाहेर पडली असेल, तरी ती शिळी आहे. तिला धरून अ‍ॅरे उभा केला तर जुन्या फाइली उघडतात, नव्या फुटतात, आणि फोल्डरांची यादी अर्धी आजची, अर्धी कित्येक महिन्यांपूर्वीची दिसते. म्हणून शिळी बाजूला ठेवायची आणि ज्या डिस्कने शेवटी दम सोडला तिच्याच मागे लागायचं. नेमकी हीच डिस्क वॉरंटीत परत पाठवलेली असते.

नोंदी पुसल्या गेल्या असतील तर आम्ही चारही प्रतींचा एकाच जागेचा एक्सॉर काढतो. सगळ्या ताज्या असतील तर उत्तर शून्य यायला हवं. बहुतेक ठिकाणी शून्य आणि अधूनमधून पट्टेच्या पट्टे शून्याबाहेर, असं दिसलं की त्यात एक शिळी आहे. कुठेच शून्य येत नसेल तर एखाद्या डिस्कवर डेटा सुरू होण्याची जागा चुकली आहे, किंवा एखादी डिस्क या अ‍ॅरेची नाहीच.

मूळ डिस्कवर आम्ही काहीच करत नाही. प्रत्येकीची सेक्टर-सेक्टर प्रत आधी, चांगल्या दिसणाऱ्यांचीसुद्धा. ४ टीबीची निरोगी डिस्क सेकंदाला सरासरी १५० एमबीने वाचली तर साधारण साडेसात तास लागतात. चार डिस्कांच्या प्रतींना १६ टीबी जागा लागते आणि काढलेला डेटा ठेवायला आणखी १२ टीबीपर्यंत. आमच्या कोटेशनमधला मोठा भाग हाच असतो.

आजारी डिस्कसाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हे प्रत काढायचं सॉफ्टवेअर, तेही कायम मॅप फाइलसह (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद). ती नसेल तर वीज गेल्यावर सगळं पहिल्यापासून. पहिल्या फेरीत खरवडणं, म्हणजे खराब जागी एकेक सेक्टर वाचू पाहणं, बंद ठेवून जे सहज मिळतं ते उचलायचं, दुसरी फेरी उलट्या दिशेने, आणि खराब पट्ट्यांत शिरायचं ते सर्वांत शेवटी, दोन-तीन प्रयत्नांच्या मर्यादेत. हट्टाने एकाच जागी वाचत राहिलं तर कमकुवत हेड (डिस्क वाचणारं टोक) तिथेच जीव सोडतं आणि उरलेले ९० टक्के हातचे जातात. टकटक आवाज करणाऱ्या डिस्कवर डीडीरेस्क्यू लावायचंच नाही, ताबडतोब वीज काढायची. अशा कामांसाठी पुढे आम्ही पीसी-३००० हे डेटा काढायचं खास उपकरण घेतलं. एखादंच हेड थकलं असेल तर त्याला बाजूला ठेवून बाकीच्या हेडांखालचा डेटा आधी उतरवता येतो.

प्रती तयार झाल्या की त्याही केवळ वाचनासाठी लावतो. वरून डिव्हाइस मॅपरचा स्नॅपशॉट टाकला की जे काही लिहिलं जाईल ते वेगळ्या फाइलीत जातं, आणि प्रयोग फसला तर ती फाइल टाकून पुन्हा सुरू करता येतं. मग फोर्स देऊन असेंबल, म्हणजे प्रती जुळवून संच उभा करणं. इथे इंटरनेटवरचा एक सल्ला फार घात करतो: ‘क्रिएट’ चालवा, अ‍ॅरे परत दिसेल. ही आज्ञा अ‍ॅरे नव्याने बनवते. तिच्यासोबतचा ‘एझ्युम क्लीन’ हा पर्याय विसरलात तर रेड-५ मध्ये एका डिस्कवर लगेच नव्याने लिहिणं सुरू होतं. ते लक्षात ठेवलं तरी नव्या एमडीअ‍ॅडममध्ये डेटा बऱ्याचदा १२८ एमबीपासून सुरू होतो आणि जुन्या पेट्यांत १ एमबीपासून. अ‍ॅरे उभा राहिल्यासारखा दिसतो, आत काहीच सापडत नाही.

क्रम ठाऊक नसेल तर चार डिस्कांचे २४ क्रम होतात. एमडीच्या नेहमीच्या डाव्या-सममित मांडणीत पहिल्या ओळीची पॅरिटी शेवटच्या डिस्कवर, दुसरीची तिच्या अलीकडच्या डिस्कवर, आणि प्रत्येक ओळीचा डेटा पॅरिटीच्या पुढच्या डिस्कपासून सुरू होतो. एलव्हीएमची (डिस्कची जागा वाटून देणाऱ्या लिनक्सच्या थराची) खूण दुसऱ्या सेक्टरमध्ये, ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमची १ केबीनंतर सापडते, त्यावरून पहिली डिस्क ओळखता येते. बाकीचा क्रम मोठ्या फाइलीवर तपासायचा. तुकडा ६४ केबीचा असेल तर ४० केबीचं पत्र उघडलं म्हणून काहीच सिद्ध होत नाही, ते सबंध एकाच डिस्कवर असू शकतं. सात-आठ एमबीचा फोटो घ्या. क्रम चुकलेला असेल तर लघुचित्र छान दिसतं आणि मूळ फोटो वरच्या पट्टीनंतर फुटतो.

फाइल सिस्टिम उघडतानाही ‘रीड ओन्ली’ या शब्दावर विसंबू नये. ईएक्सटी४ तशीच उघडली तरी जर्नलमधले (लिखाणाच्या नोंदवहीत राहिलेले) बदल लिहिते, म्हणून सोबत ‘नोलोड’ द्यावं लागतं. एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमला ‘नोरिकव्हरी’. चेक डिस्क किंवा एफएससीके ही फाइल सिस्टिमची दुरुस्ती ग्राहकाने आधीच चालवली असेल तर आम्हाला सांगावं, रागावणार नाही, कामाची दिशा मात्र बदलते. सिनॉलॉजी कंपनीच्या पेटीत पहिली दोन पार्टिशनं सिस्टिम आणि स्वॅपची असतात, डेटा त्यांच्या पुढे, आणि एसएचआर (त्यांची स्वतःची रेड पद्धत) असेल तर एमडीवर एलव्हीएमचा आणखी एक थर. क्यूनॅप कंपनीच्या बऱ्याच पेट्यांतला एलव्हीएम त्यांनी बदललेला असल्याने साधं लिनक्स तो उघडत नाही, तिथे यूएफएस एक्सप्लोररसारखं सॉफ्टवेअर लागतं. फोल्डर एन्क्रिप्ट केलेले असतील तर किल्ली लागते. ती नसेल तर आम्ही काम घेत नाही.

शिळ्या डिस्कला एकच उपयोग उरतो. शेवटी गेलेल्या डिस्कच्या प्रतीत काही सेक्टर कायमचे राहून गेले, तर मॅप फाइलीप्रमाणे नेमके तेवढेच शिळीवरून भरता येतात. त्या जागी मधल्या काळात लिहिलं गेलं नसेल तर डेटा अचूक मिळतो. लिहिलं गेलं असेल तर ती फाइल बिघडलेली निघते, म्हणून अशा सगळ्या फाइलींची वेगळी यादी ग्राहकाला देतो.

डिस्क उघडण्याचं काम आमच्याकडे सर्वांत उशिरा सुरू झालं. लॅमिनार फ्लो कॅबिनेटमध्ये (गाळलेल्या हवेच्या कपाटात) आयएसओ ५ दर्जाची हवा लागते, म्हणजे घनमीटरला अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण जास्तीत जास्त ३,५२०. हेडांसाठी त्याच मॉडेलची, शक्य तितक्या जवळच्या तारखेची डिस्क शोधावी लागते. २०११ मध्ये थायलंडच्या पुरानंतर डिस्कांचे भाव चढले, तेव्हा अशी एकेक डिस्क जपून ठेवायची सवय लागली ती आजही आहे. सर्किट बोर्ड बदलताना बोर्डावरची आठ पायांची रॉम चिपही जुन्यावरून नव्यावर न्यावी लागते, कारण त्या डिस्कची स्वतःची मापं तिच्यात असतात. चुकीच्या अडॅप्टरमुळे जळलेल्या डिस्कमध्ये कित्येकदा ५ किंवा १२ व्होल्टच्या लाइनवरचा संरक्षक डायोडच शॉर्ट झालेला असतो. हेलियम भरलेल्या डिस्क आम्ही उघडत नाही.

२०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या (हा रेड म्हणजे रंग) २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं. त्यांत ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. सलग मोठं लिखाण आलं की वेग कोसळतो, रिबिल्ड खूप लांबतो, आणि तेवढा वेळ उरलेल्या डिस्क ताणाखाली राहतात. नवी डिस्क घेताना मॉडेल नंबर पूर्ण वाचून सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली) आहे ना, हे दुकानदाराकडून लिहून घ्या.

पेटी आमच्याकडे आणायची असेल तर आधी बंद करा. बाहेर काढण्याआधी प्रत्येक डिस्कवर कप्प्याचा नंबर मार्करने लिहा. जुनी बदललेली डिस्क आणा, कॅशची एसएसडी असेल तर तीही, कारण मुख्य डिस्कांवर न पोचलेला डेटा तिच्यात अडकलेला असू शकतो. एसटी पार्सल असो वा कुरियर, डिस्क नॅसच्या पेटीत ठेवून पाठवू नका. प्रत्येक डिस्क वेगळ्या अँटिस्टॅटिक पिशवीत, भोवती दोन इंच फोम.

काम झाल्यावर ग्राहक स्वतःच्या हाताने फाइली उघडून बघतो. टॅलीचा डेटा असेल तर तो दुसऱ्या प्रतीवर रीराइट करून ताळेबंद जुळतो का हे त्यांच्याच अकाउंटंटला बघायला सांगतो. आमच्याकडच्या प्रती पंधरा दिवस तशाच राहतात, कुणाला काही राहिल्याचं आठवलं तर. सोळाव्या दिवशी त्यांवर शून्यं लिहून त्या पुढच्या कामाला लागतात.