डीआय का प्यूजो? जुन्या महिंद्रा पिकअपचं इंजिन: आधी ओळख, मग बांधणी

मंडळी, पिकअपचं काम एकदाचं इंजिनापर्यंत आलंय. हौदा, पत्रा, वायरिंग सगळं नंतर. गाडी गगनबावड्याकडची, ऐंशीच्या दशकाच्या शेवटची, आयुष्यभर चारा, खत आणि सिमेंट ओढलेली. स्टार्ट व्हायची, चालायची पण, पण ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणारी नळी) सतत धूर, सकाळी थंडीत सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची, आणि ऑइल तर डिझेलच्या जोडीनं भरावं लागायचं.

स्पेअर घ्यायचे तर इंजिन नेमकं कुठलं हे आधी कळायला पाहिजे, आणि इथंच गोंधळ. ज्यांच्याकडनं गाडी घेतली ते म्हणाले "डीआय आहे दादा, अडीच लिटरचं". गावातल्या फिटरनं बॉनेट उघडून बघितलं आणि म्हणाला "डीआय कुठलं, प्यूजो आहे हे, अडीच लिटरचं". डीआय म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनचं डिझेल इंजिन, प्यूजो म्हणजे त्या फ्रेंच कंपनीच्या लायसन्सवर बनलेलं. दोघंही ठाम. आणि अडीच लिटर म्हणल्यानं काहीच ठरत नाही, कारण महिंद्राची अडीच लिटरवाली दोन वेगळीच इंजिनं आहेत आणि एकाचा स्क्रू दुसऱ्याला लागत नाही.

थोडं मागं जाऊन सांगतो, नाहीतर पुढचं माप कशासाठी घेतलं ते कळणार नाही. डीआयचं घराणं ट्रॅक्टरचं. १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर, महिंद्रा आणि व्होल्टास यांनी मिळून जी कंपनी काढली तिनं बी-२७५ ट्रॅक्टर आणला, त्याच इंजिनाच्या वंशातलं डिझेल पुढं जीपमध्ये आलं. स्ट्रोक (पिस्टनची वरखालची धाव) चार इंच म्हणजे १०१.६ मिमी, बोअर (सिलिंडरचा व्यास) आधी ८५.७ च्या आसपास, नंतर वाढवून ८८.९, म्हणजे २५२३ सीसी. हे झालं एक अडीच लिटर. प्यूजोचं घराणं मात्र फ्रान्समधलं, लीलच्या इंदेनोर कारखान्यातलं, तिथं हे इंजिन प्यूजोच्या ५०४ गाडीत बसायचं. १९७९ मध्ये महिंद्रानं त्याचं लायसन्स घेतलं आणि इगतपुरीच्या कारखान्यात ती इंजिनं बनायला लागली. पहिलं एक्सडीपी ४.९०, चार सिलिंडर, ९० चा बोअर, ८३ चा स्ट्रोक, २११२ सीसी. नंतरचं एक्सडी३पी, ९४ चा बोअर आणि ९० चा स्ट्रोक, २४९८ सीसी. हे दुसरं अडीच लिटर.

म्हणजे तीन उमेदवार. इंजिनावरची पत्र्याची प्लेट कधीच गेलेली, ब्लॉकवर रंगाचे थर आणि त्यावर ऑइल-धुळीचा थर, वायर ब्रश आणि घासलेट घेऊन बसलो तेव्हा पंच केलेला नंबर तेवढा वाचता आला. त्यावर खडू घासला की आकडे पांढरे उठून दिसतात, मोबाईलचा टॉर्च आडवा धरायचा. नंबर आरसी बुकाशी जुळला, हे सगळ्यात मोठं समाधान. जुनी गाडी घेणाऱ्यांनो, हे काम पैसे द्यायच्या आधी करा, कारण इंजिन नंबर जुळला नाही तर आरटीओत जे चक्कर सुरू होतं त्यापुढं इंजिनकाम सोपं वाटतं. पण जुळलेल्या नंबरानं एवढंच कळलं की इंजिन गाडीचंच आहे, सीसी कळेना, आरसीवर तो रकाना कोराच.

पहिला फरक मात्र हेड न काढता कळला. डिझेल फवारणाऱ्या प्रत्येक नोझलच्या शेजारी एकेक हीटर प्लग, चार नोझल चार हीटर, एका पट्टीनं जोडलेले. डीआयला असा सिलिंडरमागं हीटर नसतो कारण त्यात डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावरच्या वाटीत फवारलं जातं. प्यूजो इनडायरेक्ट, डिझेल आधी हेडमधल्या छोट्या गोल चेंबरमध्ये जातं, तिथं पेट घेतं आणि मग सिलिंडरमध्ये येतं, त्या चेंबरच्या गार भिंतींमुळं सकाळी हीटर लागतोच. नोझल काढून बघितलं तर तेही पिंटल जातीचं, टोकाला बारीक पिन असलेलं, डीआयच्या नोझलला तिथं बारीक भोकं असतात. डीआय तिथंच बाद झालं आणि फिटर अर्धा बरोबर निघाला.

आता २११२ का २४९८. बरेच जण नोझलच्या भोकातनं तार सोडून पिस्टन किती खालीवर होतो ते मोजायला सांगतात. डीआयमध्ये ते जमतं. इथं जमत नाही, तार त्या गोल चेंबरमध्येच अडते, पिस्टनपर्यंत पोचतच नाही. जबरदस्ती केली आणि तार आत तुटली तर वेगळंच काम वाढायचं. हेड तसंही काढायचंच होतं, त्यामुळं थांबलो.

हेड निघालं. पिस्टनचं डोकं जवळजवळ सपाट, डीआयसारखी खोल वाटी नाही. व्हर्निअर लावला तर बोअर नव्वदच्या जरा वर, मग पिस्टन पार वर आणि पार खाली नेऊन डेप्थ गेजनं फरक घेतला, ८३. गणित कागदावर करून बघा, मजा येते: ९ गुणिले ९, गुणिले ०.७८५४, गुणिले ८.३, गुणिले ४, बरोबर २११२. अडीच लिटर कुठंच नाही, एक्सडीपी ४.९० आहे हे! हे कळलं तेव्हा जो आनंद झाला तो ज्यांनी जुनी गाडी उघडलीय त्यांनाच कळेल, कारण ही गाडी अजून मूळच्या इंजिनावर चालतीय.

याचा खिशाशी संबंध असा की काउंटरवर नुसतं "प्यूजोच्या रिंगा द्या" म्हणलं की समोरचा जे हाताला लागेल ते देतो, आणि आज बाजारात ९४ चा माल जास्त सहज मिळतो. गॅसकेटचंही तेच. मी बोअर-स्ट्रोक कागदावर लिहून, जुनी रिंग आणि जुनं गॅसकेट पिशवीत घेऊन उद्यमनगरात गेलो. कोल्हापूरकरांना सांगायला नको, लेथ, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड टेस्टिंग सगळं एका पायपिटीत होतं.

चेन ब्लॉकनं इंजिन बाहेर काढून पूर्ण उघडलं. ठरवायचं हे होतं की पूर्ण बांधायचं, म्हणजे लायनर-पिस्टन सगळं नवं, का आहे ते साफसूफ करून रिंगा-बेअरिंग-हेड एवढंच. बोअरच्या वरच्या टोकाला, जिथं वरची रिंग परत फिरते तिथं, नखाला लागेल असा काठ होता. डायल गेजनं वर आणि खाली, आडवं आणि उभं असं प्रत्येक सिलिंडरला मोजलं, सगळ्यात वाईट होता तिसरा, त्यातही वरखालचा फरक ०.०६ मिमी. लेथवाले काका म्हणाले "एवढ्याला बोअर मारून कशाला पैसे घालवताय, काठ काढू, होन मारू, रिंगा टाका, लाख किलोमीटर बघायला नको". होन म्हणजे बोअरची भिंत दगडानं बारीक घासून घेणं. मला पटलं. मूळ माल शाबूत असेल तर तो राखावा असं माझं मत आहे, उगाच सगळं नवं टाकण्यात काय मिळवलं. फक्त तो काठ राहू देऊ नका, जुन्या रिंगेची कड झिजलेली असते म्हणून ती त्याला लागत नाही, नव्या रिंगेची कड धारदार, ती लागते आणि रिंग तुटते.

रिंग बसवायच्या आधी प्रत्येक रिंग ज्या त्या सिलिंडरमध्ये घालून पिस्टननं सरळ खाली ढकलली आणि फिलर गेजनं तोंडाची गॅप बघितली. ९० च्या बोअरला साधारण ०.३५ ते ०.४० च्या आसपास असली की मी समाधानी. जुन्या वरच्या रिंगेची गॅप बघितली तर दीड मिमीच्या पुढं. ब्रीदरचा धूर तिथूनच होता.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट बिग एंडच्या (कनेक्टिंग रॉडचं क्रँकवर बसणारं टोक) जुन्या बेअरिंग शेलच्या पाठीवर सापडली. पुसून उजेडात धरलं तर ०.२५ असा पंच. म्हणजे या क्रँकला आधी कधीतरी एकदा ग्राइंडिंग झालंय, पाव मिमी कमी केलेला आहे, आणि आरसी, मालक, फिटर कुणालाच ते माहीत नाही. स्टँडर्ड शेल आणले असते तर ढिले बसले असते आणि ऑइल प्रेशर कायमचं गेलं असतं. मायक्रोमीटरनं जर्नल (क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) मोजले, गोल आहेत, ओरखडा नाही, म्हणून त्याच मापाचे नवे शेल टाकले, बिग एंडला आणि मेनला दोन्हीकडं. जुना शेल फेकायच्या आधी त्याची पाठ वाचाच.

हेड अॅल्युमिनियमचं, म्हणून वाकण्याची भीती जास्त. स्ट्रेट एज ठेवून खालनं फिलर सारला, मधे थोडी फट होती, अगदी हलका फेस मारून घेतला, म्हणजे खालचा पृष्ठभाग मशीनवर सपाट करून घेतला. इनडायरेक्टच्या हेडला जास्त फेस मारता येत नाही, चेंबरचे इन्सर्ट आणि व्हॉल्व किती खोल बसलेत त्याचा हिशेब बिघडतो. प्रेशर टेस्टला हेड पास झालं, व्हॉल्व सीटच्या मधे बारीक चीर असते का ते मुद्दाम बघायला सांगितलं होतं, नव्हती. व्हॉल्व मात्र मी घरीच घासले. पेस्ट लावून हातानं फिरवत राहायचं, सुरुवातीला खरखर लागते, मग आवाज मऊ होत जातो, पुसून बघितलं की सीटवर सगळीकडं सारख्या रुंदीची राखाडी कडी दिसली पाहिजे. मग स्प्रिंग बसवून पोर्टात घासलेट ओतलं आणि चहा प्यायला गेलो. परत येऊन बघतो तर सात व्हॉल्व कोरडे, एकाच्या कडेनं ओल. तो परत घासला.

नोझल पंपवाल्याकडं टेस्टला दिले. चारपैकी एक फवारण्याऐवजी ठिबकत होता, तो बदलला, बाकीचे साफ करून प्रेशर सेट. हीटर बॅटरीला लावून बघितले, दोन लाल झाले, दोन मेलेले, चारही नवे टाकले. वॉटर पंप, होज पाईप, थर्मोस्टॅट, पुढचा-मागचा ऑइल सील, माउंटिंग रबर नवे, रेडिएटर उघडून आतनं रॉड मारून घेतला.

फिटिंगचं जास्त लिहीत नाही, टायमिंगच्या खुणा उघडतानाच पंच करून ठेवल्या होत्या, बोल्ट मॅन्युअलच्या क्रमानं टप्प्याटप्प्यानं टॉर्क रेंचनंच. १५डब्ल्यू४० ऑइल भरलं, हीटर काढलेले असतानाच सेल्फवर फिरवून ऑइल प्रेशरचा काटा उचलेपर्यंत थांबलो, मग हीटर बसवले, डिझेलची एअर काढली, हीटर लाल होऊ दिला आणि सेल्फ मारला. उचललं! पांढरा धूर आला, तो थोड्या वेळात गेला, टॅपेटचा आवाज एकसारखा, आणि ब्रीदरवर हात धरला तर हलकीशी फुंकर, बस्स. गरम झाल्यावर गार होऊ दिलं आणि हेडचे बोल्ट परत एकदा ताणले.

सध्या रनिंग चालू आहे, जास्त वेळ आयडलवर ठेवत नाही आणि टॉप गिअरमध्ये दाबून ओढत नाही, गावातल्या चढउतारावर हलक्या वजनानं फिरवतोय. थोडं चाललं की पहिलं ऑइल बदलणार. डिपस्टिकची पातळी हललेली नाही.

राहिलंय ते हीटरचं वायरिंग, जुना रिले गरम होतो, आणि मूळचा टेंपरेचर गेज मेलाय. कुणाकडं एक्सडीपीच्या मॅन्युअलची स्वच्छ कॉपी असेल, मराठी-हिंदी-इंग्रजी काहीही चालेल, तर सांगा, माझ्याकडच्या कॉपीत वायरिंगचंच पान फाटलेलं आहे.