पहिला कोण आला?

दुपारची भाकरी अंगावर आली होती आणि दूरचित्रवाणीवर कुठल्याशा परदेशी मैदानावरील शर्यत चालू होती. आपला धावपटू सहावा आहे, हे समालोचक इतक्या वेळा सांगत होते की पुढच्या पाच जणांनाही नावे असतील याचा विसर पडावा. आपला सहावाच आला आणि लागलीच जाहिरात सुरू झाली. पहिला कोण आला?

हा प्रश्न खरे तर वडिलांचा. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये कर्णम मल्लेश्वरीने भारोत्तोलनात कांस्यपदक मिळवले, तेव्हा आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहत होतो. यंत्रमागांचा खडखडाटही ऐकू येऊ नये एवढा गलका त्या दिवशी गल्लीत झाला, कारण मल्लेश्वरी नुसती भारताची नव्हती, तेलुगू बोलणारी होती. म्हणजे गल्लीतील निम्म्या घरांची जवळजवळ नातेवाईकच. शेजारच्या काकू पेढे वाटताना ‘आमची मल्लेश्वरी’ म्हणाल्या, तेव्हा आम्हां मराठी घरांना क्षणभर आपण वरातीतले पाहुणे आहोत असे वाटले. वडिलांनी पेढा घेतला आणि विचारले, “वहिनी, पहिली कोण आली?” लग्नघरी येऊन कोणी पलीकडच्या मांडवातल्या नवरीची चौकशी करावी, तशा काकू त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

उत्तर वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टायपात सापडले. चीनची लिन वेइनिंग आणि हंगेरीची एर्झेबेट मार्कुश या दोघींनी प्रत्येकी २४२.५ किलो उचलले होते आणि लिनचे स्वतःचे वजन कमी भरले म्हणून सुवर्ण तिला मिळाले होते. आपली मल्लेश्वरी २४० किलोंवर, म्हणजे अवघी अडीच किलो मागे होती. एवढी चुरस, आणि आम्ही पेढे खाऊन मोकळे! १९८४ साली धावपटू पी. टी. उषाचे पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले, हे आपल्याला तोंडपाठ आहे. त्याच शर्यतीत मोरोक्कोला पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळवून देणाऱ्या नवाल एल मुतवाकेलचे नाव विचारले, तर चांगले क्रिकेटपंडित छताकडे पाहू लागतात.

वाहिन्यांवर मी यासाठी बरीच वर्षे तोंडसुख घेतले. मग १ ऑगस्ट २०२४ उजाडला. पॅरिसमध्ये नेमबाजीची अंतिम फेरी चालू होती आणि सहाव्या-पाचव्या क्रमांकावरून स्वप्नील कुसाळे वर सरकत होता. तो कोल्हापूर जिल्ह्यातला. एरवी आम्ही सोलापूरकर कोल्हापूरचे कौतुक जरा हात राखूनच करतो, पण त्या दुपारी तो माझा सख्खा मावसभाऊ झाला होता. त्याचे कांस्य निश्चित होताच मी वडिलांना फोन लावला. पडद्यावर चीनचा आणि युक्रेनचा असे दोन नेमबाज सुवर्णासाठी अजून उभे होते. आवाज मात्र मीच बंद केला होता, फोनवर नीट ऐकू यावे म्हणून.