पकड सोडण्यासाठी दाबायचा क्लच

मोटार चालवायला शिकवणारा माणूस ‘क्लच दाबा’ म्हणतो, तेव्हा तो खरे तर पकड सोडायला सांगत असतो. क्लच प्लेट स्प्रिंगांच्या जोराने इंजिनाच्या फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकावर, घट्ट दाबलेली असते. पायाखालचे पेडल दाबले की तो जोर निघतो आणि इंजिनाचा गिअरबॉक्सशी असलेला संबंध तुटतो. खंबाटकीच्या चढावर वाहतूक तुंबली की हाफ क्लचवर गाडी रेटणाऱ्यांच्या प्लेटा अर्धवट पकडीत घासून तापतात, आणि तो जळका वास मागच्या गाडीपर्यंत येतो.

जुन्या इंग्रजीत ‘क्लिच्चन’ असा काहीसा उच्चार असलेले एक क्रियापद होते. बोटे वाकवून एकत्र आणणे, मूठ आवळणे, हा त्याचा अर्थ. ‘क्लच’ त्याच्यापासून आला. ‘ग्रिप’ म्हणजे नुसती पक्की पकड, पण ‘क्लच’मध्ये मला नेहमी धास्ती जाणवते: गर्दीत पर्स छातीशी कवटाळावी तशी. बुडत्याला काडीचा आधार असे आपण म्हणतो, तिथे इंग्रजीतला बुडता माणूस काडीला ‘क्लच’ करू पाहतो. याच शब्दाचे अनेकवचन नखे आणि पंजे यांच्यासाठी वापरले गेले, आणि त्यातून कोणाच्या तरी ‘क्लचेस’मध्ये सापडणे, म्हणजे अगदी आपल्या ‘तावडीत’ सापडणे, हा प्रयोग रूढ झाला. यंत्राचा अर्थ बराच उशिराचा, 19व्या शतकाच्या आरंभीचा आहे. फिरते दांडे जोडण्या-सोडण्याच्या साधनाला हे नाव आधी कारखान्यांत मिळाले आणि मोटारींनी ते तिथून उचलले. हातात धरायच्या बिनपट्ट्याच्या पर्सलाही ‘क्लच’च म्हणतात, पण त्यात उलगडण्यासारखे फारसे काही नाही.

पक्ष्यांच्या अंड्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. टिटवी उघड्या माळावर, खड्यांमध्ये, खड्यांसारखीच दिसणारी बहुधा चार अंडी घालते, आणि एका विणीतल्या अशा अंड्यांना पक्षिनिरीक्षक ‘क्लच’ म्हणतात. पक्षीण अंडी पंखांखाली धरून बसते म्हणून हे नाव पडले असावे, असे कोणालाही वाटेल. परंतु या ‘क्लच’चा मुठीशी काहीही संबंध नाही. तो ‘क्लेच’ या बोलीतील शब्दाचे रूपांतर असून त्याचे मूळ जुन्या नॉर्स या स्कँडिनेव्हियातील प्राचीन भाषेतल्या, अंडी उबवण्याच्या अर्थाच्या क्रियापदात, ‘क्लेक्या’मध्ये, आहे. म्हणूनच चांगल्या इंग्रजी कोशांत त्याची नोंद मुठीच्या ‘क्लच’पासून वेगळी केलेली असते.