विम्बल्डन: रांग, गवत आणि सिनरचं नशीब

विम्बल्डनला जायचं तर साउथफील्ड्स स्टेशनला उतरायचं, विम्बल्डन स्टेशनला नाही, हे आधी सांगून ठेवतो. २०२५ च्या स्पर्धेतला दुसरा सोमवार, ७ जुलै. पहाटेच पार्कातल्या तिकिटाच्या रांगेत लागलो, हातात नंबरचं कार्ड मिळालं, की मग घुसाघुशी नाही, कोणी तंबूत झोपलंय, कोणी पत्ते खेळतंय. माझ्यापुढे पुण्याचे एक काका-काकू होते, काका टेनिसचे एकदम कीडे. म्हणाले, "अरे, १९३४ मध्ये लीला राव इथे मॅच जिंकली, विम्बल्डनमध्ये मॅच जिंकणारी पहिली भारतीय बाई, आणि आई कोण, तर संस्कृतात लिहिणाऱ्या पंडिता क्षमा राव!" मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

आत गेल्यावर आधी १८ नंबर कोर्ट. इथेच २०१० ला इस्नर-माहू एकच मॅच तीन दिवस खेळले, ११ तास ५ मिनिटं, शेवटचा सेट ७०-६८, स्कोअरबोर्डसुद्धा ४७-४७ ला गंडला होता. बाहेर पाटी लावलीये, तिथे फोटोला गर्दी. स्ट्रॉबेरी-क्रीम तेव्हा २.७० पाउंड होती, २०१० पासून २.५० होती ती त्याच वर्षी वाढवली, तरी तिथल्या बाकी खाण्याच्या मानाने स्वस्तच.

पण मला बघायचं होतं ते गवत. फक्त ८ मिलिमीटर कापलेलं, आणि दुसऱ्या आठवड्यात बेसलाइनला, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेपाशी, पार उडून माती दिसायला लागलेली, नेटजवळ मात्र हिरवंगार. बेकर-सॅम्प्रसच्या काळात सर्व्ह मारून सगळे पुढे धावायचे, त्यामुळे मधला पट्टाही झिजायचा. २००१ पासून पूर्ण राय गवत लावलं, कोर्ट टणक झालं, बॉल जरा वर यायला लागला आणि लगेच २००२ ला फायनलला कोण, तर ह्युइट आणि नालबंडियन, दोघं बेसलाइनवाले. फेडररने आठ वेळा जिंकलं तेही बहुतेक मागूनच. मला विचाराल तर जुना खेळ बघायला जास्त मजा यायची, पण असो.

संध्याकाळी रीसेलमध्ये सेंटर कोर्टचं तिकीट लागलं! म्हणजे लोक लवकर निघाले की त्यांच्या सीट्स परत विकतात, पैसे चॅरिटीला जातात. इटलीचा सिनर विरुद्ध बल्गेरियाचा दिमित्रोव्ह. सिनर सुरुवातीलाच पडला, कोपर धरून बसला, आणि दिमित्रोव्ह काय खेळत होता राव, स्लाइस (बॉलला खालून कापून मारलेले फटके) असे खाली राहायचे की सिनरला वाकून वाकून उचलायला लागत होते. पहिले दोन सेट दिमित्रोव्हचे, ६-३, ७-५. मग छत बंद केलं, तिसऱ्या सेटला २-२, आणि दिमित्रोव्हने एक एस (समोरच्याची रॅकेटही न लागणारी सर्व्हिस) मारला आणि छाती धरून खालीच बसला. सगळं स्टेडियम गप्प. सिनर नेट ओलांडून त्याच्याकडे गेला, नंतर त्याची बॅगही त्यानेच उचलली. दोन सेट पुढे असलेला माणूस रडत बाहेर.

पुढच्या रविवारी त्याच सिनरने स्पेनच्या अल्काराझला फायनलमध्ये चार सेटमध्ये हरवलं, एकेरीतला पहिला इटालियन चॅम्पियन. आमच्या ग्रुपवर लगेच 'लकी, लकी' सुरू झालं. मी म्हटलं लकी त्या सोमवारी होता, फायनलला नाही, पहिला सेट हरून दोन वेळच्या चॅम्पियनला मारलंय त्याने. त्यावरून अजून भांडण चालू आहे.