लेबलवर कॉर्नेल, आत ओकलंड

सॅन फ्रान्सिस्कोच्या समोर, खाडीच्या पूर्वेकडच्या एका छोट्या दुकानात मी काम करते. जुनी टेप आणून द्या आणि फाइल घेऊन जा, एवढाच धंदा. लग्नांच्या व्हीएचएस, चर्चमधली प्रवचनं, परदेशातून आजीने पत्राऐवजी बोलून पाठवलेल्या कॅसेट्स, आणि ग्रेटफुल डेड या रॉक बँडच्या टेप. हा शेवटचा माल कधी आटत नाही. या भागात कुणाचंही गॅरेज आवरायला घेतलं की बुटांच्या खोक्यातून डेडच्या कॅसेट्स निघतातच.

हा बँड १९६५ साली इथून तासाभराच्या अंतरावर, पालो आल्टोत उभा राहिला. तेव्हाचं नाव वॉरलॉक्स. लेखक केन केसीच्या 'ॲसिड टेस्ट' नावाच्या पार्ट्यांमध्ये, एलएसडी घेऊन बसलेल्या लोकांपुढे वाजवत वाजवत तो घडला. कॅलिफोर्नियात एलएसडीवर बंदी आली ती ऑक्टोबर १९६६ मध्ये, म्हणजे तोवर हे सगळं उघड चाललेलं. ९ ऑगस्ट १९९५ ला बँडचा गिटारवादक-गायक जेरी गार्सिया गेला आणि बँड थांबला. मधल्या तीस वर्षांत कार्यक्रम झाले सुमारे २३००, आणि अमेरिकेत पहिल्या दहांत पोचलेलं गाणं मात्र एकच. रेकॉर्ड विकून मोठी झालेली ही मंडळी नव्हेत. रोज गाण्यांचा क्रम वेगळा, आणि सुरू झालेलं गाणं कुठे जाऊन थांबेल ते वाजवणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. म्हणून लोक एकाच दौऱ्यातले कार्यक्रम ओळीने ऐकायचे, टेप करायचे. पुढे ऑक्टोबर १९८४ पासून बँडने साउंड मिक्सरच्या मागची जागाच टेप करणाऱ्यांसाठी राखून दिली. अट एकच, कॉपी द्या-घ्या पण विकू नका.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला ठाण्यातले वडिलांचे एक स्नेही आठवले. त्यांच्याकडे कपाटभर खाजगी मैफली होत्या. हौसेने ऐकवायचे, वर चहा पाजायचे, पण कॉपी मागितली की नेमका त्यांचा डेक बिघडलेला असायचा.

तर त्या दिवशी सकाळी एक गृहस्थ दोन खोकी घेऊन आले. साठी ओलांडलेले, निवृत्त अकाउंटंट. थोरला भाऊ वारला होता, ट्रक चालवायचा, लग्न केलं नव्हतं. त्याच्या कॅसेट्स यांच्या वाट्याला आल्या होत्या. सगळ्यांची यादी करून, छापून, प्लास्टिकच्या पाकिटात घालून आणलेली. यादीत एका ओळीवर पिवळी खूण. मॅक्सेल एक्सएल-टू, नव्वद मिनिटांची, लेबलवर निळ्या शाईत 'कॉर्नेल ५-८-७७'. अमेरिकन पद्धतीने महिना आधी, म्हणजे ८ मे १९७७.

"मला यांचं संगीत कळत नाही," ते म्हणाले. "पण हा त्यांचा सर्वांत चांगला कार्यक्रम म्हणतात ना? एवढी एक कॅसेट आधी करा. बाकीचं मग बघू."

तसं म्हणणारे खूप आहेत. इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये, मे महिन्यात बर्फ पडत असताना झालेला हा कार्यक्रम. तो इतका गाजण्याचं निम्मं श्रेय मी बेटी कँटर-जॅक्सनला देते. बँडबरोबर फिरून थेट मिक्सरवरून मोठ्या रिळांवर टेप करणारी ही बाई. तिच्या रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक वाद्य आपापल्या जागी बसलेलं असतं, बास पोटात लागतो पण कुणाला झाकत नाही. माझ्या धंद्यात बायका आजही कमी, आणि ती सत्तरच्या दशकात हे करत होती. पुढे तिची रिळं ठेवलेल्या गोदामाचं भाडं थकलं आणि १९८६ मध्ये त्यांचा लिलाव झाला. घेणाऱ्यांच्या हातून ती डेडहेड मंडळींपर्यंत, म्हणजे बँडच्या कट्टर चाहत्यांपर्यंत पोचली आणि कॉपीवर कॉपी होत घराघरांत गेली. कॉर्नेलची रात्र अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०११ च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण यादीत आली, आणि २०१७ मध्ये अधिकृतपणे बाजारात. म्हणजे या गृहस्थांना जे हवं होतं ते दुकानात विकत मिळत होतं. मी तसं सांगितलंही. पण त्यांना भावाचीच प्रत हवी होती.

कॅसेट उघडली तर आतली दाबपट्टी निखळलेली. फितीच्या मागे तांब्याच्या पातळ पट्टीवर नखापेक्षा लहान नमद्याचा चौकोन असतो, तो फीत हेडवर दाबून धरतो. त्याचा गोंद वाळला की चौकोन गळतो आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होतो. अशा वेळी कवच बदलावं लागतं. पाच स्क्रू काढायचे, झाकण उचलायचं, चिमट्याने दोन्ही चकत्या जशाच्या तशा नव्या कवचात ठेवायच्या. फीत पीळ खाणार नाही आणि दोन्ही बाजूंचे रूळ जागेवर राहतील एवढं बघायचं. श्वास रोखून करायचं काम आहे. मग डेकवर लावून हेडचा तिरकेपणा त्या कॅसेटपुरता जुळवायचा; स्क्रू केसभर फिरला तरी झांजा उघडतात किंवा मिटतात.

झांजा उघडल्या. आणि ऐकू आली ती गर्दी. मिक्सरवरची टेप असती तर गर्दी लांबवर असते. इथे माणसं माइकच्या चहूबाजूंनी ओरडत होती. मग गाणं सुरू झालं आणि मी हेडफोन काढून पुन्हा लेबल बघितलं. हे 'टच ऑफ ग्रे' होतं.

१९७७ मध्ये हे गाणं नव्हतंच. ते रंगमंचावर आलं १९८२ च्या सप्टेंबरात.

आमच्याकडे एक जुने टेक्निशियन आहेत, सत्तरीचे, पांढरी वेणी. त्यांना मी मनात आजोबा म्हणते, तोंडावर म्हणायची हिंमत नाही. ते स्वतः डेडच्या मागे गाडी घेऊन फिरलेले. त्यांना दुसरा हेडफोन दिला. ते आधी कीबोर्ड ऐकतात. या बँडचा काळ कीबोर्डवाल्यावरून ओळखायचा असतो. पिगपेनचा ऑर्गन असेल तर सुरुवातीची वर्षं. तो १९७३ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी गेला. कीथ गॉडशॉचा पियानो आणि सोबत त्याची बायको डॉना गात असेल तर १९७९ च्या सुरुवातीपर्यंतचं. तिथून १९९० पर्यंत ब्रेंट मिडलँड, घोगऱ्या, ताणलेल्या आवाजाचा. त्या खुर्चीत बसणारा टिकत नाही, असं डेडहेड लोक अर्धवट चेष्टेत म्हणतात. कीथ १९८० मध्ये अपघातात गेला, ब्रेंट १९९० मध्ये, त्याच्यानंतरचा विन्स वेलनिक २००६ मध्ये. ड्रम एकच ऐकू आला तर आणखी सोपं, कारण १९७१ च्या फेब्रुवारीपासून १९७४ च्या ऑक्टोबरपर्यंत दोन ड्रमरांपैकी मिकी हार्ट बँडमध्ये नव्हता. त्याच्या बापानेच बँडचा हिशेब सांभाळताना पैसे लांबवले होते, त्या लाजेने तो बाजूला झाला.

"ब्रेंट आहे," आजोबा म्हणाले. "पण तू लोकांकडे लक्ष दे."

गाण्याच्या धृपदाचा अर्थ 'मी निभावून नेईन' असा आहे. गार्सिया त्या शब्दांवर आला आणि सबंध हॉल असा काही गरजला की मीटरचा काटा लाल पट्टीत जाऊन तिथेच बसला. कौतुकाची आरोळी अशी नसते. आजोबांनी टेप थांबवायला सांगितलं नाही, पण स्टुलावर बसले. पुढे काही गाण्यांनंतर 'व्हेन पुश कम्स टू शव्ह' निघालं आणि त्यांनी तारीखच सांगितली, १५ डिसेंबर १९८६, ओकलंड कोलिझियम. हे गाणं त्या रात्री पहिल्यांदा वाजलं होतं. त्याच रात्रीच्या, लोकांनी केलेल्या दुसऱ्या एका रेकॉर्डिंगशी मी ताडून पाहिलं. गार्सियाचे सूर जिथल्या तिथे.

१९८६ च्या जुलैमध्ये गार्सिया मधुमेहाने कोमात गेला होता. शुद्धीवर आला तेव्हा गिटारवर बोटं चालेनात. मर्ल साँडर्स या जुन्या साथीदाराने जवळ बसून हळूहळू पुन्हा वाजवतं केलं. तो परत येईल की नाही याचीच लोकांना खात्री नव्हती. डेडबरोबर परत आला तो या रात्री, आणि त्याने सुरुवात या गाण्याने केली.

मला मात्र दुसरीच गोष्ट खटकत होती. 'टच ऑफ ग्रे' रेकॉर्डवर आलं १९८७ मध्ये, पहिल्या दहांत गेलेलं ते एकमेव गाणं हेच. म्हणजे ओकलंडच्या त्या रात्री ते कुठल्याही दुकानात मिळत नव्हतं, आणि तरी हजारो माणसं शब्द न् शब्द म्हणत होती. पाठ कशावरून झालं? कार्यक्रमांवरून आणि असल्याच कॅसेट्सवरून. चार वर्षं गाणं हातोहात फिरत होतं. रेकॉर्ड कंपनीला जे १९८७ मध्ये अचानक लागलेलं यश वाटलं असेल, त्याचा पाया बुटांच्या खोक्यांत होता. या बँडची कारकीर्द अल्बमच्या यादीवरून लिहू गेलं तर निम्मी हातातून सुटते, असं माझं मत त्या दुपारी पक्कं झालं. अल्बम त्यांना फारसे जमलेही नाहीत. मी काही भक्त नाही. कित्येक रात्री त्यांचे गळे बेसूर असतात, आणि वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात आपण वाईट वाजवलं हे ते स्वतःच सांगत आले.

गृहस्थांना फोन केला. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग, "म्हणजे त्याने चांगल्या टेपवर दुसरं काहीतरी टेप करून ती घालवली?"

मी म्हटलं, अजून दुसरी बाजू ऐकायचीय.

दुसऱ्या बाजूवर ओकलंडचा तो भाग साधारण वीस मिनिटांवर संपला. बटण दाबल्याचा ठक आवाज, आणि एकदम वेगळीच हवा. फुसफुस तिप्पट, हॉल वेगळा, दोन ड्रम धडधडत 'नॉट फेड अवे'च्या शेवटाकडे निघालेले. तिथून 'सेंट स्टीफन', आणि त्यातून 'मॉर्निंग ड्यू', अगदी शेवटपर्यंत. कॉर्नेलच. भावाने मध्यंतराला रेकॉर्डर बंद केला असणार आणि खालचं जुनं शिल्लक राहिलं. पण ही बेटीची टेप नव्हती. तिची रिळं तोवर बाहेर पसरलीच नव्हती. प्रेक्षकांत बसून कुणीतरी केलेल्या टेपच्या कॉपीची कॉपी, बहुधा पाचव्या-सहाव्या हातातली. दोन्ही तुकड्यांचा वेगही वेगळा. गाण्यांच्या मधल्या शांततेत ॲम्प्लिफायरची घरघर १२० हर्ट्झवर दिसायला हवी. ओकलंडच्या भागात ती १२२ च्या वर होती. रेकॉर्डरची बॅटरी उतरली की तो हळू फिरतो आणि तेच आपल्या डेकवर घाईने वाजतं. दोन्ही तुकडे वेगवेगळे जागेवर आणले. त्या रद्दी कॉपीतसुद्धा 'मॉर्निंग ड्यू'च्या शेवटी गार्सिया तारा झोडपत वर वर नेतो तेव्हा माझ्या हातावर काटा आला, हेही सांगून टाकते.

संध्याकाळी गृहस्थ आले. मी दोन्ही तुकडे ऐकवले आणि कॉर्नेलची विकत मिळणारी प्रतही शेजारी लावून दाखवली. हिशेबी माणूस, लगेच समजलं. गेलं ते जगाकडे याहून चांगलं आहे, आणि वर जे चढलं ते भावाने स्वतः, त्या हॉलमध्ये उभं राहून टेप केलेलं.

"याची काही किंमत येईल?" त्यांनी विचारलं.

"नाही," आजोबा आतूनच म्हणाले. "विकायचं नसतं."

खोक्यात 'डिगा' या १९७६ च्या तालवाद्यांच्या अल्बमची कॅसेट होती. ती बघून मी जरा जास्तच बोलले. मिकी हार्ट अल्लारखाँ साहेबांकडून ताल शिकला, आणि हा तालवाद्यांचा ताफा सॅन राफेलच्या अली अकबर कॉलेजमध्ये जमला, तो झाकीर हुसेननी घडवला. माहीमचा मुलगा, तेव्हा पंचविशीत. त्यातल्याच एका तुकड्यावर पुढे डेडचं 'फायर ऑन द माउंटन' बेतलं. गृहस्थ ऐकून घेत होते. मग त्यांनी विचारलं, मी भारतातली आहे तर ऋषिकेश पाहिलंय का? १९९६ च्या एप्रिलमध्ये गार्सियाच्या थोड्या अस्थी तिथे गंगेत सोडल्या होत्या, भावाला एकदा तिथे जायचं होतं म्हणे. मी भारतीय आहे कळल्यावर प्रत्येक डेडहेड हे विचारतो, पण यांच्याकडून अपेक्षा नव्हती. मी ऋषिकेशला गेलेले नाही, तेच सांगितलं.

बिलावरून थोडी वादावादी झाली. मालकाच्या मते दोन कार्यक्रम, दोन वेग, म्हणजे दोन कामं. गृहस्थांच्या मते कॅसेट एक, म्हणून पैसे एकाचे. शेवटी दीडपटीवर मिटलं. फाइलला नाव काय देऊ विचारलं तर म्हणाले, दोन्ही तारखा घाला, ओकलंड आधी.

पुढच्या आठवड्यात उरलेली यादी घेऊन ते परत आले. या वेळी लेबलच्या रकान्याशेजारी एक नवा, रिकामा रकाना आखून आणला होता: 'प्रत्यक्षात काय'. आजोबांनी तो कागद वाचला, चष्मा पुसला आणि मालकाला म्हणाले, हे काम तासावर घ्या, नगावर नको.